चित्रकलेच्या तासानंतर

कोजागिरी होऊन दोन-तीन दिवस झाले होते. मोठ्या देवीचा उत्सव सुरू होता, आणि त्या दिवसांत खामगावात पाय ठेवायला जागा नसते हे आमच्याकडे येऊन गेलेल्यांना सांगायला नको. बाकीच्या महाराष्ट्राचे नवरात्र आटोपते तेव्हा आमच्या जगदंबेचा उत्सव सुरू होतो. तर अशा गर्दीत, फरशीजवळ, एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हाताने चष्मा सावरत मी वाट काढत होतो. मागून हाक आली, ‘‘सर! ओ सर! वळखलं काय?’’

एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. चेहरे राहतात, नावे जातात. पण या मुलीला मी लगेच ओळखले. मुलगी कसली, चाळिशीची बाई झाली आहे ती आता. सोबत नववीतली लेक होती. चार शब्द झाले, सासर कुठले, वडील कसे आहेत वगैरे. मग ती लेकीला म्हणाली, ‘‘दाखव ना वं सरांना, लाजतं काय?’’

पोरीने दप्तरातून गणिताची वही काढली. वहीची मागची पाने उघडली. (सगळ्या महाराष्ट्रातल्या चित्रकारांची पहिली प्रदर्शने गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवरच भरतात, असे माझे जुने मत आहे.) बॉलपेनने काढलेले आजोबांचे हात होते. एका हातात छिन्नी, दुसऱ्यात छोटी हातोडी, आणि लाखेवर बसवलेला चांदीचा पत्रा. बोटांची पेरे, नखाखालची काळी रेघ, सगळे बरोबर. मी पाने उलटत राहिलो. गर्दीतले लोक आम्हाला धक्के देत पुढे जात होते.

‘‘एलिमेंटरीत अ आला हिचा. इंटरमिजिएटलेबी येईन म्हनतात तिचे सर. आता पुढच्या साली दहावी. तुमीच सांगा सर, हिले काय करू?’’

हा प्रश्न मला याच घरातून दुसऱ्यांदा विचारला जात होता. पहिल्यांदा तो हिच्या आजोबांनी विचारला होता, हिच्या आईसाठी, सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी.

\* \* \*

तेव्हाचे सांगतो. वस्तुचित्राचा तास होता. टेबलावर पितळी तांब्या, त्याखाली दुमडलेला निळा पंचा आणि बाजूला दोन वांगी. पन्नास पोरांनी तांब्याला पिवळा रंग फासला, कडेला तपकिरी छटा दिली आणि मध्ये चमक म्हणून पांढऱ्या रंगाचा एक ठिपका ठेवला. तसे मीच शिकवले होते. मलाही माझ्या सरांनी तसेच शिकवले होते. या मुलीने पांढरा रंग घेतलाच नव्हता. तांब्याच्या पोटावर वर्गाची खिडकी उमटली होती, वाकलेली, तिचे गजसुद्धा वाकलेले. तेवढी जागा तिने कागदाची कोरी सोडली होती.

मी विचारले, ‘‘हे कुणी सांगितलं?’’

‘‘बाबा म्हनतात, चमक लावाची नसते. ठेवाची असते.’’

तिचे वडील चांदीचे कारागीर. खामगावला रजतनगरी म्हणतात ते उगाच नाही. इथली चांदीची भांडी, मूर्ती आणि देवघरातल्या वस्तू घ्यायला लांबलांबून गिऱ्हाईक येते. चांदी घासताना कुठे हात थांबवायचा हे त्या माणसाला ठाऊक होते, आणि ते ज्ञान लेकीच्या कागदावर उतरले होते. मी बारा वर्षे जलरंग शिकून जे मला नीट समजले नव्हते, ते त्या तासाला समजले. हे मी वर्गात कबूल केले नाही. मास्तर तसे कबूल करत नसतात.

दहावी झाल्यावर तिचे वडील मला भेटायला आले. शाळेच्या कट्ट्यावर बसलो. मी त्यांना सगळे सांगितले. शासनाची कला महाविद्यालये मुंबईला आहेत, औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) आहे, आपल्या विदर्भात नागपूरला आहे. प्रवेश असा असतो, खर्च एवढा येतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘तिथं तुमच्या वळखीचं कोन हाय, सर?’’

कुणीच नव्हते. एकही माणूस नव्हता ज्याला मी पोस्टकार्ड टाकू शकलो असतो की बाबा, अशी अशी मुलगी येते आहे, तिच्याकडे लक्ष ठेव. मी ज्या वाटेवर पोरांना पाठवत होतो तिच्या दुसऱ्या टोकाला माझी ओळखच नव्हती. आणि त्या गृहस्थांचे तरी काय चुकले? सोळा वर्षांची मुलगी तीनशे किलोमीटरवर पाठवायची ती ड्रॉइंग मास्तरच्या माहितीपत्रकाच्या भरवशावर? मार्क बरे होते म्हणून तिने सायन्स घेतले. बारावीला रसायनशास्त्राने घात केला. पुढे लग्न झाले. गोष्ट संपली, असे मला वाटले होते. ती फरशीजवळ गणिताच्या वहीतून पुन्हा वर आली.

\* \* \*

लोकांना वाटते, गावाकडे कला नाही. आमच्या गावाकडे पाहा. सरकीचा आणि कापसाचा गाव हा. वऱ्हाडचा कापूस नेता यावा म्हणून इंग्रजांनी १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकला, आणि त्याचे उद्घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. कापसाने पैसा आणला, पैशाने चांदी आणली, चांदीने कारागीर आणले. मूर्तिकार होतेच. गणेशोत्सवात लाकडी गणपतीचा मान इथे पहिला. असहकाराच्या काळात देशभर सरकारी शाळांना पर्याय म्हणून राष्ट्रीय शाळा निघाल्या, त्यातल्या पुष्कळशा पाचदहा वर्षांत मिटल्या. आमचे टिळक राष्ट्रीय विद्यालय टिकले. तिथले कलाशिक्षक पंधे गुरुजी यांचे नाव इथल्या चित्रकला महाविद्यालयाला दिलेले आहे. चित्रकलेच्या मास्तराच्या नावाने महाविद्यालय असलेली गावे किती असतील? मला हा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

म्हणजे बी आहे, जमीन आहे. मग मधेच काय सुकते?

चित्रकलेच्या परीक्षांचे उदाहरण घ्या. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे आपली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, राज्यभर लाखो मुले देतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. काही वर्षांपूर्वी ठरले की इंटरमिजिएटच्या श्रेणीचे गुण दहावीच्या निकालात मिळतील. आता अ श्रेणीला सात, ब ला पाच आणि क ला तीन असे गुण मिळतात. झाले! जे पालक चित्रकलेच्या तासाला ‘टाइमपास’ म्हणत तेच आमच्या दाराशी रांगा लावू लागले. माझ्या जागी आलेला तरुण शिक्षक सांगतो, ‘‘सर, वर्ग भरून वाहतो, पण निकाल लागला की ब्रश कोण कुठे टाकतो पत्ता नसतो.’’ सात गुण हातात पडले की चित्रकलेचे काम संपते. ज्या दोन-चार मुलांसाठी ही परीक्षा खरी सुरुवात असते, त्यांनाही कुणी सांगत नाही की पुढची पायरी अशी आहे. सात गुणांना मी नावे ठेवत नाही. त्या गुणांनी निदान रंगपेट्या तरी खपल्या. पण परीक्षा ही पायरी हवी, आणि आमच्याकडे ती भिंत आहे. भिंतीवर छान नक्षी आहे, एवढेच.

शिक्षकांचे म्हणाल तर त्याहून अवघड. शिक्षणहक्क कायद्यात, २००९ च्या, उच्च प्राथमिक शाळेत शंभराहून अधिक मुले असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा असे लिहिले आहे. अंशकालीन! आम्हा ड्रॉइंग मास्तरांची पूर्ण वेळची जात हळूहळू या शब्दात विरघळून चालली आहे.

\* \* \*

१९९४ साली मी एक धाडस केले. बावीस मुले आणि एक सहशिक्षिका घेऊन मोठ्या शहरातल्या एका कला महाविद्यालयात गेलो. रात्रीची एस.टी., सोबत दशम्या आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या. आधी दोन पत्रे पाठवली होती, एकाचेही उत्तर आले नव्हते. मी ते होकारासारखे धरले. फाटकावर चौकीदाराने अडवले. पत्र दाखवा म्हणाला. पाठवलेल्या पत्राची नक्कल माझ्याकडे होती, आलेल्या पत्राची कुठून आणू? आत निरोप गेला, बाहेर निरोप आला की आज शक्य नाही, साहेब बैठकीत आहेत. पोरे झाडाखाली बसली. दीड तास गेला. सातवीतला एक पोरगा म्हणाला, ‘‘सर, आपन फाटकाचंच चित्र काढू.’’ आणि बावीस जणांनी फाटकाची चित्रे काढली.

ती चित्रे पाहायला एक वयस्कर प्राध्यापक थांबले. शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, हात काळे. त्यांनी काही न विचारता चौकीदाराला खूण केली आणि आम्हाला थेट मुद्रणविभागात नेले. तिथे शिळाछापाचे दगड होते, गुळगुळीत, फिकट, हातभर जाडीची चवड. आमच्या एका मुलीने दगडावर हात फिरवला आणि म्हणाली, ‘‘हा तं पाटाच व्हय! टाकी लावाची राह्यली.’’ प्राध्यापक एवढे हसले, एवढे हसले. मग त्यांनी सांगितले की हा चुनखडीचाच दगड आहे, त्यावर तेलकट खडूने काढायचे, पाणी फिरवायचे, तेलाला पाणी धरत नाही आणि पाण्याला शाई धरत नाही, म्हणून छाप उठतो. प्रत्येकाला एकेक रेघ ओढू दिली. त्या दगडाचा छाप त्यांनी आम्हाला गुंडाळून दिला. माझ्या घरात तो अजून आहे: बावीस रेघा आणि खाली कोपऱ्यात एक माशी, ती कुणी काढली ते कधीच कळले नाही.

परतीच्या एस.टी.त कुणी झोपले नाही. त्या बावीस जणांपैकी तिघे पुढे कलेच्या शिक्षणाला गेले. माझ्या साऱ्या नोकरीत त्याआधी एकूण दोन गेले होते. मी यातून कुठला सिद्धांत काढत नाही, तीन हा आकडा सिद्धांताला लहानच आहे. पण त्या तिघांनाही मी पुढे विचारले तेव्हा तिघांनी एकच सांगितले, की आत काय असते ते पाहिले होते, म्हणून भीती वाटली नाही.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा पत्र पाठवले. ते प्राध्यापक निवृत्त झाले होते.

\* \* \*

शाळा आणि विद्यापीठ यांची गाठ ही अशी एका भल्या माणसाच्या बाहीवर टांगलेली असू नये, हे मला त्या दिवशी पटले. आणि हा विचार काही नवा नाही. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात मुलांची शाळा काढली. कलाभवन १९१९ चे, विश्वभारती १९२१ ची. म्हणजे आधी शाळा, मग कलाशाळा, मग विद्यापीठ, असे झाड मुळाकडून वाढले. झाडाखाली बसून धडा गिरवणारी पोरे आणि भिंतीवर चित्र काढणारे नंदलाल बोस एकाच आवारात. चित्रकार कसा काम करतो हे तिथल्या मुलाला वेगळे दाखवावे लागत नव्हते, ते येताजाता दिसत होते. आपले विनायक मासोजी तिथेच शिकले आणि तिथेच शिकवू लागले. नंदलालबाबूंचे आमच्या भागाशीही एक नाते आहे. १९३६ चे काँग्रेसचे अधिवेशन खानदेशात फैजपूरला झाले, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. गांधीजींच्या सांगण्यावरून त्याची सजावट नंदलालबाबूंनी केली, ती बांबू आणि गावातल्याच साध्या सामानातून. फैजपूर म्हणजे आमच्या शेजारचेच. आमच्या लहानपणी ते नगर पाहून आलेले म्हातारे गावात होते, आणि भाषणांपेक्षा त्यांना कमानी जास्त आठवत.

दुसरे उदाहरण बडोद्याचे, आणि ते तर मराठी माणसाचेच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला, त्या सयाजीरावांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांकरवी गायनशाळा काढली आणि १८९० मध्ये कलाभवन. गायनशाळा राजवाड्यातल्या मैफिलीसाठी नव्हती, गावातल्या मुलांसाठी होती. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले तेव्हा जुन्या गायनशाळेतून वाढलेली संगीताची संस्था विद्यापीठात सामील झाली, आणि १९५० मध्ये तिथे ललितकलांची स्वतंत्र विद्याशाखा उघडली. चित्रकलेच्या विभागाची सूत्रे इंदूरच्या ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे आली. शिल्पकलेला शंखो चौधरी, पाठोपाठ के. जी. सुब्रमण्यन, दोघेही शांतिनिकेतनात घडलेले. चित्रकाराला पदवी मिळते, तो बी.ए., बी.एस्सी. वाल्यांच्या बरोबरीने विद्यापीठाच्या आवारात हिंडतो, ही गोष्ट त्या काळी आपल्याकडे नवी होती. आमच्या वेळी इकडे चित्रकाराला पदविका मिळे, आणि लग्नाच्या बाजारात ‘पदवी की पदविका’ हा प्रश्न किती बोचतो हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. (मुलगी मिळाली. तिच्या वडिलांना दोन्हींतला फरक ठाऊक नव्हता.)

सातासमुद्रापलीकडचेही एक सांगतो, कारण त्यात गंमत आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना नावाचे राज्य आहे. तंबाखूचे आणि कापसाचे, म्हणजे आपल्या वऱ्हाडाचेच भावकीतले. तिथे १९६३ मध्ये सरकारी खर्चाने कलाशाळा काढायचा कायदा आला तेव्हा विधिमंडळात काहींनी त्याची टर उडवली, ‘अंगठ्यावर नाचणाऱ्यांचे बिल’ म्हणून. बिल तरीही मंजूर झाले. शाळा कुठल्या गावात काढायची यावर गावागावांत चढाओढ लागली. विन्स्टन-सेलम गावातल्या लोकांनी दोन दिवस घरोघर फोन फिरवून नऊ लाख डॉलरच्या आसपास रक्कम जमवली, एका जुन्या हायस्कुलाची इमारत दिली आणि १९६५ मध्ये शाळा सुरू झाली. १९७२ मध्ये ती राज्याच्या विद्यापीठाचा भाग बनली. आजही तिथे हायस्कुलातली मुले आणि पदवीची मुले एकाच आवारात नाच, नाटक, संगीत, चित्रकला शिकतात, आणि राज्यातल्या हायस्कूलच्या मुलांना शिक्षणाची फी नाही. फोन फिरवणारे ते लोक कोण असतील? दुकानदार, गृहिणी, बँकेतले कारकून. आमच्याकडेही मोठ्या देवीची वर्गणी दोन दिवसांत जमते.

\* \* \*

आता आमचे ‘जवळचे विद्यापीठ’. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ झाले, त्याआधी आम्ही नागपूरच्या पदरी होतो. आता त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. खामगावहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत अकोला. एस.टी.ने जायचे तर अर्धा दिवस मोडतो. याच अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये पंचाहत्तर किलोमीटरचा पट्टा पाच दिवसांत डांबरून विश्वविक्रम केला गेला. माझ्या मनात आले, डांबराचा रस्ता पाच दिवसांत होतो, तर आमचा का होऊ नये?

माझी कल्पना साधी आहे. हायस्कूलमधली, कलेकडे खरा ओढा असलेली वीस मुले निवडावीत. निवड गुणांवर नको, वहीच्या मागच्या पानांवर करावी. महिन्यातून एका शनिवारी विद्यापीठाच्या कक्षेतल्या महाविद्यालयांतली पदवीची दोन-तीन मुले आमच्याकडे यावीत आणि शिकवावे. वर्षातून पंधरा दिवस आमच्या मुलांनी तिकडे राहावे. युवा महोत्सवात मातीकाम, स्थळचित्र, रांगोळी, व्यंगचित्र यांच्या स्पर्धा होतात. तिथे आमच्या पोरांना स्पर्धक म्हणून नको, नुसते कोपऱ्यात बसून पाहू द्यावे. कागदोपत्री करार असावा, म्हणजे चौकीदार अडवणार नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये श्रेयांकांचा जो आराखडा जाहीर केला त्यात शाळेतल्या शिक्षणापासून पीएच.डी.पर्यंतचे श्रेयांक एकाच चौकटीत मोजायची सोय धरली आहे. तेव्हा ‘नियमात बसत नाही’ हे उत्तरही आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

आणि हा व्यवहार एकाच बाजूने व्हायला नको. आमच्याकडे पोळ्याला पोरे काळ्या मातीचे बैल करतात. ही माती म्हणजे कापसाची माती, ओली असताना लोण्यासारखी. वाळली की बैलाच्या पाठीला भेग पडतेच. मला दरवर्षी कुणीतरी विचारायचे, ‘‘सर, बैल काऊन तडकते?’’ मी सांगायचो, मातीत थोडा कापूस पिंजून मळा, मग तडा कमी जातो. हे मला मूर्तिकारांनी शिकवले. पण का तडकतो, हे मला सांगता येत नसे. ती माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, हे मला फार उशिरा एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने सांगितले, तेही रेल्वेच्या डब्यात योगायोगाने भेटला म्हणून. तेव्हा विद्यापीठाशी नाते म्हणजे निव्वळ चित्रकलेच्या विभागाशी नाते नव्हे. उलट त्या प्राध्यापकालाही कापसाची युक्ती ठाऊक नव्हती. त्याने ती डायरीत टिपून घेतली. चांदीवरचे उठावकाम, लाखेची बैठक, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी, हे आमच्या गल्ल्यांतले ज्ञान पदवीच्या मुलांनी येऊन शिकावे. त्या कारागिरांना व्याख्याता म्हणून मानधन द्यावे. मानधनाची पावती त्यांच्या घरात चौकटीत लावली जाईल, हे मी लिहून देतो.

याला आक्षेप नाहीत असे नाही. माझे एक जुने सहकारी, इतिहासाचे शिक्षक, म्हणाले, ‘‘विद्यापीठ आलं की नमुने येतात, अहवाल येतात, तपासणी येते. तुझी वीस पोरं फॉर्म भरण्यात म्हातारी होतील.’’ खरे आहे. शांतिनिकेतनालाही विद्यापीठाच्या नियमावलीचा काच झालाच. दुसरा आक्षेप माझ्या बायकोचा, आणि तो मला जास्त टोचला. ती म्हणाली, ‘‘पंधरा दिवस राहायला तुम्ही म्हणता, पण पाठवतील कोण? डॉक्टर-वकिलांची मुलं जातील. कारागिराची पोरगी नाही जायची.’’ मी म्हटले, सोबत शिक्षिका असेल, वसतिगृह असेल. ती म्हणाली, ‘‘पंचवीस वर्षांपूर्वीही वसतिगृह होतंच ना?’’

होते. म्हणून मी आता म्हणतो की पहिली दोन वर्षे मुलांनी तिकडे जायच्या आधी तिकडच्यांनी इकडे यावे. त्यांनी आमच्या घरांत जेवावे. कारागिराच्या ओट्यावर बसून चहा प्यावा. आईबापांनी त्यांचे चेहरे पाहावेत, नावे विचारावीत, कुठल्या गावचे, कुणाचे, सगळे. ‘तिथं तुमच्या वळखीचं कोन हाय’ या प्रश्नाला उत्तर तयार व्हावे. जागा राखून ठेवा असे मी कुणाला म्हणत नाही. ज्याची त्याने परीक्षा द्यावी आणि प्रवेश मिळवावा. पण फाटक आतून कसे दिसते ते त्याला आधी माहीत असावे. मुंबईच्या ज. जी. कला महाविद्यालयाला, १८५७ पासूनच्या त्या संस्थेला, २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आनंद वाटला. वर्तमानपत्रातले ते कात्रण मी कापून ठेवले आहे. पण आमच्या गल्लीतून मुंबई तेव्हा जेवढी लांब होती तेवढीच आजही आहे.

\* \* \*

फरशीवरच्या त्या भेटीनंतर आठवड्याने मी त्यांच्या घरी गेलो. आजोबा ओट्यावर बसले होते. हात थरथरतो म्हणून नक्षीकाम सोडले आहे, नुसते पॉलिशचे काम पाहतात. मी त्यांना सांगितले की मी तीन कलाशिक्षकांशी बोललो आहे, दोघे माझेच विद्यार्थी आहेत, त्या बावीसांतले. एकाने शब्द दिला आहे की तो पदवीच्या चार मुलांना घेऊन माघात खामगावला येईल, दोन दिवस मुक्काम करील. करार नाही, कागद नाही, कुणाची मंजुरी नाही. जेवणाची व्यवस्था आमच्याकडे.

म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. नातीने आतून वही आणली होती. तिने नवीन पान काढले होते. समई होती, आणि ज्योतीभोवतीचा उजेड तिने कोरा सोडला होता. आजोबांनी वही डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली.

‘‘चौघं येतीन म्हनता,’’ ते म्हणाले. ‘‘त्यात पोरी किती हायत?’’

मी म्हटले, ‘‘दोन.’’

‘‘मंग त्या आपल्या घरी राह्यतीन,’’ ते म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.